रोडिओतली ती दोघं आणि घरचे

वर एकांनी लिहिलंय की या कथेत रोडिओत (अमेरिकेतले बैल-घोड्यांवर बसून दाखवायचे स्पर्धेचे खेळ) बैलावर बसणारे दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडतात हे पटत नाही, लेखकाने ओढूनताणून आणलंय. मला अजिबात तसं वाटत नाही. अहो १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात फिल रॅग्सडेलने पहिला गे रोडिओ भरवला, तेव्हा आसपासचे रँचवाले (गुरं पाळणारे मोठे शेतकरी) जनावरं भाड्याने द्यायलाच तयार नव्हते, तरी तो झाला, आणि १९८५ ला त्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. १९८८ ला नेवाडातल्याच फॅलनजवळची त्यांची फायनल तर थेट कोर्टातून थांबवली होती! म्हणजे माणसं होतीच, फक्त दिसू दिली जात नव्हती.

आणि कथेतला मला सगळ्यात खरा वाटलेला भाग म्हणजे दोघांच्या ट्रकमधल्या प्रवासाचा. रोडिओवाले पेट्रोल नि मोटेलचा खर्च वाटून घेत गावोगाव एकत्र फिरतात, हे तिथे इतकं नॉर्मल की दोघं महिनोन् महिने सोबत राहिली तरी कुणी विचारत नाही, विचारतात ते घरी परतल्यावर, लग्न कधी, रँच पुढे कोण बघणार, नातवंडं कधी. बैलावर एका हाताने ८ सेकंद टिकायचं असतं, मोकळा हात बैलाला लागला की बाद. पण वडिलांसमोर जेवणाच्या टेबलावर किती वर्षं टिकायचं? त्या दोघांतला धाकटा ताटाकडे बघत गप्प बसतो ना, तिथे मला रडूच आलं.