मदत हवी आहे: पूरगावातला फील्ड प्रोजेक्ट गावाच्या उपयोगाचा कसा करू?

भोगावतीकाठची

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी शिवाजी विद्यापीठात भूगोलात एम.ए. करतेय, पहिलं वर्ष. गाव राधानगरी तालुक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. वर्गातल्या बऱ्याच जणांनी कोल्हापुरातच कुठेतरी ट्रेनिंग पकडलं. मी हट्टाने शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव घेतलं. कारण सांगितलं तर हसाल. आमच्याकडे पावसाळ्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की लोक छत्र्या घेऊन बघायला जातात. सात दरवाजे, मोठा आवाज, फोटो. ते पाणी पुढे कुणाच्या घरात जातं हे बघावं असं वाटलं.

मी विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत आहे. सकाळचे तीन तास ग्रंथालयात पुस्तकं लावायची, मग लेक्चर. त्यामुळे गावात जायला शनिवार-रविवारच मिळतात. कोल्हापूर-मिरज पॅसेंजरने जयसिंगपूर, तिथून एसटी, पुढे दोन किलोमीटर चालत.

पहिल्या खेपेला ४२ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन गेले होते. सगळे प्रश्न माझेच, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तिसऱ्याच घरात एका आजींनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, "परसालबी पोरं आलती. कागुद भरून नेला. फुडं काय झालं ते काय कळलं न्हाई. तूबी नेशील. च्या घेणार काय?"

चहा घेतला. मग त्यांनी आतल्या खोलीतली भिंत दाखवली. गंजक्या डब्यातल्या ऑइलपेंटने दोन रेघा मारलेल्या. वरची निळी, २०१९ ची. तिच्या वीतभर खाली तांबडी, २०२१ ची. म्हणाल्या, "टीव्हीवर सांगत्यात, राजाराम बंधाऱ्याला अमुक फूट झालं. त्यातलं मला काय कळत न्हाई. किती फूट झालं की माझ्या वट्याला पाणी लागतं, तेवढं सांगून जा."

मी प्रश्नावली पिशवीत घातली ती अजून बाहेर काढलेली नाही.

तर मदत अशी हवी आहे. आजींचा प्रश्न हाच प्रोजेक्ट करता येईल का? सर म्हणतात, करा, पण मोजायची पद्धत आधी लिहून आणा. माझ्याकडे एक मोबाइल आणि एक टेप आहे. पैसे नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि एक कोडं आहे. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पाणी ५५.७ फुटांवर गेलं होतं आणि २०२१ ला ५६.३ फुटांवर. म्हणजे २०२१ चा पूर मोठा. आजींच्या भिंतीवर मात्र उलटं आहे. आजी चुकल्या की मी?

शिवाय घरचे म्हणतात, एक वर्ष झालं की डिप्लोमा घेऊन बाहेर पड आणि एमपीएससीला बस. असल्या उद्योगाचा पुढे काही उपयोग होतो का, हेही कुणी अनुभवी सांगेल तर बरं.

खडूस

चार क्रेडिटसाठी एवढा खटाटोप? पन्नास फॉर्म भर, चार पाय चार्ट काढ, 'शासनाने लक्ष द्यावे' अशी शिफारस लिही. आमच्या वेळेपासून हेच चाललंय.

कुरुंदवाडकर

खडूस, तुमच्यासारख्यांचे फॉर्म भरून भरून आमच्या आया-बहिणी थकल्या आहेत.

ताई, आजी चुकलेल्या नाहीत. आमच्या घरातही २०१९ चीच रेघ वर आहे. राजाराम बंधारा कोल्हापूरला, पंचगंगेवर. आमच्या नरड्याला जी लागते ती कृष्णा. नृसिंहवाडीला दोन्ही नद्यांचा संगम आहे, तिथे कृष्णा चढली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं टीव्ही बघत नाहीत, नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं का एवढंच विचारतात. (बाहेरगावच्यांसाठी: पुराचं पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक त्या पाण्यात स्नानाला येतात आणि आम्ही म्हशी कुठे हलवायच्या याचा विचार करत असतो.)

कृष्णामाई

सगळा दोष कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा आहे. तिथली उंची आधी कमी करा, मग प्रोजेक्ट करा.

जुना ओव्हरसियर

अलमट्टीसाठी वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. पोरी, तू २०१९ च्या पुरावरचा वडनेरे समितीचा अहवाल मात्र वाचून ठेव, तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारणारच.

मी पाटबंधाऱ्यातून निवृत्त. तुझ्या कोड्याचं उत्तर कुरुंदवाडकरांनी दिलंच आहे, मी आकडा देतो. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी २०१९ ला ५७ फुटांच्या पुढे गेली होती. २०२१ ला ५५ च्या आसपास थांबली. कोल्हापूरला उलट, २०२१ जास्त. २०२१ चा पाऊस दोन-तीन दिवसांत कोसळला, २०१९ ला तो हटायलाच तयार नव्हता, धरणं भरलेली आणि दोन्ही नद्या एकदम चढलेल्या. तेव्हा आजींच्या ओट्याचं गणित एकट्या राजाराम बंधाऱ्यावर मांडलंस तर चुकशील. तिथले ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, आयर्विनला ४० आणि ४५, हे त्या त्या जागेचे आकडे. प्रत्येक ठिकाणच्या पट्टीचा शून्य वेगळा असतो, ते फूट एकमेकांतून वजा करायचे नसतात. हे अर्ध्या पत्रकारांना माहीत नाही. केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र कुरुंदवाडला आहे. तुझ्या गावाला तेच जवळचं. सरांच्या सहीचं पत्र घेऊन तिथल्या जुन्या नोंदी माग.

आता मोजणी. मोबाइलचं जीपीएस उंचीसाठी वापरू नकोस, त्यात काही मीटरची चूक असते आणि तुला इंच हवे आहेत. विभागात ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर गवंड्याकडे जा. पारदर्शक लेव्हल पाइप असतो ना, फरशी बसवताना वापरतात तो. दहा-पंधरा मीटर घे. पाणी भर, आत बुडबुडा राहू देऊ नकोस, राहिला तर सगळं वाया. एक टोक मारुतीच्या देवळाच्या जोत्याला, दुसरं पहिल्या घराच्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, तिथे खूण कर. मग त्या घरावरून पुढच्या घरावर. असं गल्ली फिरून शेवटी परत देवळाच्या जोत्यावर ये. सुरुवातीच्या खुणेत आणि शेवटच्या खुणेत जो फरक पडेल ती तुझी चूक. ती लपवू नकोस, अहवालात लिही. मार्क त्याचेच मिळतात.

सागरमाळावरून पुण्यात

कमवा व शिकाचा जुना गडी. आता पुण्यात नकाशांचंच काम करतो, म्हणून दोन शब्द.

घरच्यांच्या प्रश्नाचं आधी. राज्यसेवेला पदवी लागते, ती तुमच्याकडे आहे. एका वर्षाच्या डिप्लोमाने एमपीएससीत काही वाढत नाही. उलट पुढे कधी प्राध्यापकीसाठीची सेट-नेट परीक्षा द्यावीशी वाटली तर पूर्ण पदव्युत्तर पदवी लागते, खुल्या गटाला ५५ टक्के. तेव्हा अभ्यास एमपीएससीचा करायचा असेल तरी वर्ष सोडू नका. वसतिगृहाची खोली आणि ग्रंथालयाची खुर्ची सोडून गावी बसून अभ्यास होतो असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी पाव्हणे येत नसावेत.

प्रोजेक्टने नोकरी लागत नाही. पण मुलाखतीत "तुम्ही स्वतः काय मोजलंय?" असं विचारलं की बहुतेक मुलं गप्प होतात. तुम्ही होणार नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, रात्री तासभर शिका, गावाचा नकाशा त्यात चढवा.

पुराच्या तारखांसाठी गावातल्यांचे फोन बघा. २०१९ आणि २०२१ चे फोटो प्रत्येकाकडे आहेत. पायरीला पाणी लागलेला फोटो आणि त्या वेळची कुरुंदवाडची पातळी, अशी जोडी जमली की आजींचं उत्तर मिळालं. फक्त मूळ फोनमधला फोटो हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोला पाठवल्याची तारीख असते, काढल्याची नाही. यात मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय.

अवांतर: २०१९ ला कोल्हापूर शहराला पाणी पुरवणारे पंप बुडाले तेव्हा विद्यापीठाने आपल्या आवारातलं पाणी शहराला पुरवलं होतं. ते आवारातले तलाव आणि विहिरी कुणीतरी आधी नीट राखले होते म्हणून. आम्ही तिथे फक्त फिरायला जायचो.

एमएसडब्ल्यूवाली

भिंतींवर खुणा करण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन बोल, जमलं तर ग्रामसभेत पाच मिनिटं माग. आणि बायकांना दुपारी गाठ. सध्या ऊसतोड चालू आहे, सकाळी कोण भेटणार तुला?

भोगावतीकाठची

सगळ्यांचे आभार. खडूस यांचेही, कारण सरांना दाखवायला एक उदाहरण मिळालं.

काल जाऊन आले. पाइप हॉस्टेलजवळच्या बांधकामावरच्या गवंडीमामांनी दोन दिवसांसाठी दिला, वर बजावलं की दुमडू नकोस. पाणी भरताना मी तोंडाने ओढलं आणि पोटभर प्याले. गावातली चार पोरं मागे लागली, त्यातल्या एकाला टोक धरायला लावलं. तो इतका गंभीर झाला की शिंक आली तरी हात हलवला नाही.

अकरा घरं झाली. परत जोत्यावर आलो तेव्हा फरक पावणेदोन इंच. ओव्हरसियर काका, हे फार आहे का? आजींचा ओटा देवळाच्या जोत्यापेक्षा दोन फूट पाच इंच खाली निघाला. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "ते मला ठावं हाय, देवळात पाणी याच्या आदी माझ्यात येतंय." तरी खूश होत्या, कारण शेजारच्यांचा ओटा त्यांच्याहून सात इंच खाली आहे आणि ते आजवर कबूल करत नव्हते.

एका घरी अडचण आली. मालकांनी जागा विकायला काढलीय, म्हणाले, "रेघ मारू नका, गिऱ्हाईक पळून जाईल." मी मारली नाही. वहीत मोजमाप घेतलं, तेही त्यांना विचारून. हे चाललं का?

जुना ओव्हरसियर

अकरा घरांना पावणेदोन इंच, पहिल्या वेळेला ठीक. पुढच्या खेपेला सकाळी कर, ऊन चढायच्या आत. अर्धा पाइप उन्हात आणि अर्धा सावलीत असला की पाणी फसवतं. फरक इंचाच्या आत आला पाहिजे. विकणाऱ्याचं तू बरोबर केलंस.

एक महत्त्वाचं राहिलं. गावात रेघा निळ्या-तांबड्या मारू नकोस. आमच्या खात्याच्या पूररेषा त्याच रंगाच्या असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि बांधकामाच्या परवानग्या त्यावर अडतात. तू उत्साहाने रंग फासशील आणि उद्या गावात बोंब होईल की विद्यापीठाच्या पोरीने आमच्या घरावर निळी रेषा टाकली.

भोगावतीकाठची

बापरे. हे सुचलंच नव्हतं. खडूचं चालेल असं वाटलं होतं, पण आजींना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, खडू पयल्या पावसात जातोय, पिवळा ऑइलपेंट आण, छोटा डबा, आणि ब्रश माझ्याकडं हाय.

ग्रामसेवकांनी शनिवारी दुपारी तीनची वेळ दिलीय. कुरुंदवाडच्या नोंदींसाठी सरांनी पत्रावर सही केली. कुरुंदवाडकर, ते मोजणी केंद्र एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे का?

कुरुंदवाडकर

स्टँडवर उतरून फोन करा, गाडी घेऊन येतो. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. आमच्या आईचा २०१९ चा फोन अजून कपाटात आहे, चार्जर सापडला तर तोही आणतो.