उत्तर: क्रेडिट रिकव्हरी आणि खेळाडू मुलं

अमेरिकेत हायस्कूलमध्ये एखाद्या विषयात नापास झालं तर तो विषय भरून काढणारा क्रेडिट रिकव्हरी कोर्स कसाही केला तरी डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) मिळतो, असं एकाने म्हटलंय. डिप्लोमापुरतं मान्य. पण मुलाला कॉलेजात डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीवर खेळायचं असेल तर एनसीएएचे (कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचे) निकष वेगळे आहेत. रिकव्हरीचा कोर्स मूळ कोर्सइतकाच मोठा आणि तितकाच कठीण लागतो. झटपट उरकलेला चालत नाही. शिवाय एनसीएएला लागणाऱ्या १६ कोअर कोर्सपैकी (मुख्य विषयांच्या कोर्सपैकी) १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्यातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. या १० कोर्सच्या ग्रेड बारावी सुरू होताच पक्क्या होतात, नंतर पुन्हा कोर्स करून सुधारता येत नाहीत.

म्हणून नववीत बीजगणित राहिलं असेल तर लगेचच्या उन्हाळ्यातच करून घ्या, आणि आधी काउन्सेलरला तो कोर्स एनसीएएला चालतो का हे नक्की विचारा.