मदत हवी आहे : तंतूच्या दिव्यात अरगॉनसोबत नायट्रोजन कशासाठी?

निष्क्रिय वायूंच्या व्यावहारिक उपयोगांवर विद्यार्थ्यांसाठी एक टिपण लिहीत असून, त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे. तापलेल्या टंगस्टनच्या तारेचे बाष्पीभवन निर्वातात झपाट्याने होऊन काच काळवंडते, म्हणून दिव्यात अरगॉन भरतात, आणि हवेत तो सुमारे ०.९३ टक्के असल्याने द्रवरूप हवेपासून तुलनेने स्वस्तात मिळतो, इथपर्यंत सारे स्पष्ट आहे.

अडचण पुढे आहे. अरगॉनची उष्णतावाहकता नायट्रोजनपेक्षा कमी, म्हणजे दिव्यासाठी सोयीचीच. तरीही त्यात थोडा नायट्रोजन मिसळतात, कारण निव्वळ अरगॉनमध्ये टंगस्टनची तार धरून ठेवणाऱ्या आधारतारांच्या दरम्यान विद्युतठिणगी सहज पेटते, असे सांगितले जाते. परंतु अरगॉनची आयनीभवन ऊर्जा (अणूतून किंवा रेणूतून एक इलेक्ट्रॉन सुटा करण्यास लागणारी ऊर्जा) १५.७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर नायट्रोजनच्या रेणूची १५.५८, म्हणजे किंचित कमीच आहे! मग ठिणगी नायट्रोजन कसा रोखतो? रेणूची कंपने इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आधीच शोषून घेतात, हा माझा तर्क बरोबर आहे का?

जाता जाता आणखी एक : १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी झेनॉन या निष्क्रिय वायूचे संयुग तयार केल्यानंतरही या वायूंना ‘निष्क्रिय’ म्हणावे, की ‘राजवायू’? मला दुसरे नाव अधिक प्रामाणिक वाटते.