रोमन नाण्यावर छिन्नीने कोरलेला ८३ : खूण जुनी की अलीकडची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. गेल्या वर्षी ते गेले आणि मामींनी त्यांचा नाण्यांचा डबा माझ्याकडे दिला. डब्यात बहुतेक देशोदेशीची मोड आहे, पण एक जाडजूड पितळी नाणं निघालं. वजन २२.४ ग्रॅम, व्यास ३३ मिलिमीटर. सोबतच्या चिठ्ठीवर मामांच्या अक्षरात एवढंच: 'ट्युनिस, जुना बाजार'.

नाणं बरंच झिजलंय, तरी चेहरा ओळखू येतो. जाड मान, टक्कल, बाकदार नाक. सम्राट वेस्पासियन (इ.स. ६९ ते ७९), म्हणजे नाणं सेस्टर्शियस, रोमनांचं मोठं पितळी नाणं. अडचण चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत आहे. तिथे छिन्नीने खोल रेघा मारल्यात : एक एल, तीन एक्स, तीन आय. म्हणजे ८३.

शोधत गेल्यावर कळलं की हा प्रकार माहीत असलेला आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या सुरुवातीला, पश्चिम रोमन साम्राज्य कोसळल्यावर, तांब्याच्या व्यवहारात नुम्मुस नावाची जेमतेम ग्रॅमभराची चिमुकली नाणी फिरत होती. तेव्हा चारशे वर्षांपूर्वीची ही जड नाणी कुणीतरी पुन्हा चलनात आणली, त्यांवर नवी किंमत कोरून. सेस्टर्शियसवर ८३, अॅस आणि दुपोंदियस या लहान नाण्यांवर ४२.

आपल्याकडे गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे ठप्पे मारले. जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, त्यांतली दोन-तृतीयांशांहून जास्त अशी होती. पण तिथे विजेत्या राजाची खूण आहे. इथे ना राजा, ना नाव, नुसता आकडा. कुणीतरी एकेक नाणं हातात धरून सात अक्षरं कोरली, या विचाराने ते खाली ठेववत नाही.

आकडाही विचित्र वाटतो, पण कार्थेजच्या (आजच्या ट्युनिसजवळ) व्हँडल या जर्मानिक टोळीच्या राजवटीत ४२, २१, १२ आणि ४ नुम्मुसची नाणी पाडली जात. ५०० नुम्मुसचा सहावा भाग ८३, बारावा ४२, चोविसावा २१ (जवळच्या पूर्ण आकड्यात). रोममध्ये मात्र त्या काळी मोठं तांब्याचं नाणं ४० चं होतं. म्हणून हे आकडे उत्तर आफ्रिकेत कोरले गेले हे मत मला पटतं, पण अशी नाणी इटलीतही मिळतात आणि अभ्यासकांत त्यावरून मतभेद आहेत. ट्युनिसच्या बाजारातली खरेदी हा काही पुरावा नाही, हेही समजतं.

आता खरी अडचण. माझ्याकडे देण्याआधी मामींनी हे नाणं चिंचेने घासलं, देवाची भांडी घासतात तसं. त्यांच्या मनात ते लखलखीत करून द्यायचं होतं. पण वरचा जुना हिरवा थर जवळजवळ गेला. रेघेच्या आत आणि बाहेर एकसारखा थर असता तर कोरीवकाम जुनं असल्याचं तरी म्हणता आलं असतं. आता फक्त दोन एक्सच्या तळाशी हिरवट काळा अंश उरलाय, आणि रेघांच्या कडा बोटाला बोथट लागतात, उभारलेली धार नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो :

तळाशी उरलेला हा अंश पुरेसा आहे का, की असा थर रसायनाने नव्या रेघेतही आणता येतो? सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय पाहायचं? शेवटचा आय झिजून अर्धा पुसट झालाय. कोरल्यानंतर नाणं बराच काळ हातांत फिरलं असेल तरच असं होईल ना? आणि पुढचं नुकसान टाळायला तूर्त नाणं कोरडं ठेवण्यापलीकडे काही करायला हवं का?

विकायचं अजिबात नाही. पुण्या-मुंबईत एखादा संग्रहालयातला माणूस प्रत्यक्ष पाहून सांगणारा असेल, तर कुणाकडे जावं तेही सुचवा. फोटो लगेच टाकतो, तिरप्या उजेडात काढलेले.