मदत हवी आहे : आईच्या मणक्यातील चकतीची झीज
माझ्या आईचे वय ६४ असून, कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकतीतील पाणी कमी होऊन चकतीची उंची घटल्याचे एमआरआयच्या अहवालात नमूद आहे. प्रौढपणी या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो आणि शेजारच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या पोषणावरच ती टिकते, हे मला समजले. मात्र कसलाही त्रास नसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बहुसंख्य लोकांतही असेच बदल आढळतात. मग आईचे दुखणे या चकतीचे की मणक्यांमागील सांध्यांचे वा स्नायूंचे, हे तपासणीत कसे ठरवतात? पायात मुंग्या किंवा बधिरता नाही. ‘मणका झिजला’ या शब्दांनीच धास्तावून तिने चालणे सोडले आहे, आणि मला तेच अधिक चिंताजनक वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.