मदत हवी आहे: सिलिकॉनचे अणू बॉक्समधून उडून जातात

शंकासुर:
तीन दिवस डोकं आपटतोय. कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये सिलिकॉन वितळवून थंड करायचंय, अमॉर्फस हवंय, म्हणजे अणूंची स्फटिकासारखी शिस्त नसलेलं. मशीन लर्निंग पोटेन्शियल (अणूंमधली ऊर्जा आणि बलं सांगणारं मॉडेल) स्वतः ट्रेन केलंय, एरर मस्त, अणूमागे २ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. पण लॅम्प्समध्ये (अणू हलवून दाखवणारा सिम्युलेशन प्रोग्राम) रन लावला की 'लॉस्ट अ‍ॅटम्स, ओरिजिनल ५१२ करंट ४९८' म्हणून मरतो. सोमवारी गाईडना दाखवायचंय. लवकर सांगा प्लीज.

चहाबाज:
तापमान किती, टाइमस्टेप (एका पावलाचा वेळ) किती, युनिट्स कुठले? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ लागते राव.

तळ्यात_मळ्यात:
शंभर टक्के टाइमस्टेप. लॅम्प्सच्या 'मेटल' युनिट्समध्ये वेळ पिकोसेकंदात असते. मी फेम्टोसेकंद (पिकोचा हजारावा भाग) समजून १ लिहिला होता, पहिल्या फटक्यात बॉक्सची भेळ. ०.००१ कर.

शंकासुर:
मेटलच आहे आणि ०.००१ च आहे. एवढं कळतं हो.

खडूस_काका:
कशाला हा उपद्व्याप? १९८५ चं स्टिलिंजर-वेबर हे साध्या सूत्राचं पोटेन्शियल लावा. ५१२ अणू लॅपटॉपवर, चहा होईपर्यंत. हल्ली उठसूट न्यूरल नेटवर्क.

मुळामुठा:
काका, त्याने द्रव थंड केला की पाच शेजारीवाले अणू ढिगाने उरतात. अमॉर्फस सिलिकॉनमध्ये जवळजवळ सगळ्यांना चारच हवेत.

खडूस_काका:
मग तीन अणूंच्या पदाचा जोर वाढवा. सूत्रात त्या पदाला २१ चा आकडा आहे, तो बदलायचा, झालं.

मुळामुठा:
आणि वितळणबिंदू सरकतो तो कोण निस्तरणार?

भाषाप्रेमी:
अमॉर्फसला 'अस्फटिकी' हा सुंदर शब्द असताना...

वीजबिल_शून्य:
अमॉर्फस पॅनल घेऊ नका, जागा फार खातात. आमच्या गच्चीवर मोनो आहेत. कुणाला सबसिडीचं विचारायचं असेल तर व्यनि करा.

चहाबाज:
मालक, ट्रेनिंग सेटमध्ये काय काय आहे ते अजून सांगितलं नाहीस.

शंकासुर:
नेहमीचंच. ६४ अणूंचा डायमंड स्फटिक, ३०० ते ९०० केल्विनचे डीएफटी (क्वांटम गणित, अचूक पण वेळखाऊ) रन. वितळवतो ३००० ला. मग २७ पिकोसेकंदात ३०० वर.

मुळामुठा:
सापडला चोर. तुझा टेस्ट सेटही त्याच रनमधला असणार, म्हणजे गाईडबुकमधलेच प्रश्न पेपरात आले आणि तू ९५ टक्क्यांचे पेढे वाटतोयस. द्रवात एका अणूला सहाच्या आसपास शेजारी असतात. तुझ्या मॉडेलने जन्मात चारच पाहिलेत. दोन अणू फार जवळ आले की एकमेकांना ढकलतात, हेही त्याला कुणी शिकवलेलं नाही. तिथे त्याला भिंतीऐवजी खड्डा दिसतो. अणू त्यात कोसळतात आणि भन्नाट वेगाने बाहेर पडतात.

जवळच्या अंतरासाठी झेडबीएल (फार जवळ आलेल्या अणूंना ढकलणारं तयार सूत्र) जोड, निदान उडणं थांबेल. मग द्रव, दाबलेले नमुने, पृष्ठभाग, पोकळ जागा असं सगळं सेटमध्ये घाल. २०१८ च्या सिलिकॉन गॅपचा (तेही मशीन लर्निंग पोटेन्शियलच) डेटा खुला आहे. त्यांच्या ऊर्जा मात्र जशाच्या तशा मिसळू नकोस. फंक्शनल (डीएफटीतलं अंदाजाचं सूत्र) वेगळं असेल तर खिचडी होते. फक्त रचना घे आणि आपलं डीएफटी चालव.

तळ्यात_मळ्यात:
त्यापेक्षा मेस (MACE) हे आधीच ट्रेन केलेलं तयार मॉडेल उचल, ट्रेनिंगची कटकटच नाही.

मुळामुठा:
तयार मॉडेलंही बहुतेक स्फटिकांवरच पोसलेली असतात. सुरुवातीला ठीक, पण वितळलेल्या सिलिकॉनवर डोळे झाकून नको.

चहाबाज:
आणि ते २७ पिकोसेकंद? सेकंदाला दहाच्या चौदाव्या घाताइतके केल्विन! नीट अमॉर्फस नाही, गोठवलेला द्रवच मिळेल. गॅपवाल्यांनी अकराव्या घातापर्यंत उतरून चांगली रचना मिळवली. त्या वेगाने नुसतं १५०० ते ५०० उतरायला १ कोटी पावलं. बाकीचा टप्पा भरभर उरक.

शंकासुर:
१ कोटी?? सोमवारी दाखवायचंय म्हटलं ना.

शंकासुर:
अपडेट. झेडबीएलने बॉक्स टिकला! दाब शून्य ठेवला, द्रवाची घनता २.१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर येतेय. चालेल ना?

खडूस_काका:
नाही चालणार. सिलिकॉन पाण्यासारखं आहे, वितळलं की आकसतं. स्फटिक २.३३, तर द्रव वितळणबिंदूजवळ २.५५ च्या आसपास हवा. तुमचा द्रव घनापेक्षा हलका निघाला. मुळामुठा म्हणतात ते करा. (हे मी म्हणालो असं कुणाला सांगू नका.)

शंकासुर:
द्रवाचे डीएफटी रन रांगेत टाकलेत, पुढे १४० जण आहेत. गाईडना ताप आलाय असं कळवलंय. म्हणजे मला.

भाषाप्रेमी:
'क्वेंच'साठी, म्हणजे या झटपट थंड करण्यासाठी, 'शीघ्रशीतन' कसा वाटतो?