सभागृह भरलं की लगेच नवी मंडळी काढावी का?

नोंदवही (धागा सुरू करणारे)

सर्वांना जय ख्रिस्त.

मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, वाढू लागली की रविवारी मागच्या भिंतीला टेकून माणसं उभी राहतात. मग वडिलांच्या (मंडळी चालवणाऱ्या जबाबदार ज्येष्ठांच्या) बैठकीत विषय निघतो, दुसरी उपासना सुरू करायची की नवी मंडळी काढायची? माझं मत असं की त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. वर्षभरात जे नवे आले, त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी जाणारं माणूस ठरलेलं आहे का? नसेल तर दोन्ही बेत सहा महिने पुढे ढकलावेत.

बहुतेक मंडळ्या हजेरी म्हणजे डोकी मोजतात. वर्षभर १८० चा आकडा हलत नाही, सगळे समाधानी असतात. पण त्यात ४० नवे आले आणि ४० जुने गुपचूप निघून गेले, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून हजेरी नावानिशी ठेवा. दर गटप्रमुखाकडे आपल्या दहा-बारा जणांची यादी असावी. सलग दोन रविवार कोणी दिसलं नाही तर त्याच संध्याकाळी फोन, तिसऱ्या रविवारी घरी भेट. महिना उलटल्यावर गेलात तर समोरचा माणूस मनाने निघून गेलेला असतो, आणि तुमची भेट त्याला चौकशी वाटते.

नव्या माणसासाठी क्रम साधा आहे. पहिल्या रविवारी नाव आणि, त्याची हरकत नसेल तर, फोन नंबर घ्यावा. दोन दिवसांत फोन करावा, आणि तो पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) नव्हे तर त्याच्याच वयाच्या सभासदाने केलेला बरा. आठवडाभरात चहापुरती भेट. विश्वासात आला तर बारा आठवडे एकास एक बसणं: मार्ककृत शुभवर्तमान, प्रार्थना, क्षमा, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, मंडळीतली जबाबदारी. हे बारा आठवडे गटात उरकायला गेलात की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

इंग्लंडमधले धर्मप्रचारक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीतले 'वर्ग' १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झाले ते प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला. साधारण बारा जणांमागे एक प्रमुख, त्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. त्यासाठी घरोघर जावं लागलं आणि कोण खचलंय, कोण भरकटलंय ते प्रमुखांना कळू लागलं. वर्गणीचा फेरा पाळकीय काळजीचा फेरा झाला. पुढे १७६३ मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रुकशायरची अवस्था पाहून वेस्लींनी लिहून ठेवलं की जिथे प्रवचनं झाली पण जागे झालेल्यांना एकत्र बांधलं गेलं नाही, तिथले दहातले नऊ पुन्हा पहिल्यापेक्षा गाढ झोपले. विस्ताराचा बेत आखण्याआधी प्रत्येक वडिलाने ती नोंद वाचावी.

पेरणारा

नोंदवही, क्रम मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. 'आधी घर नीट लावू, मग बाहेर पडू' असं म्हणणारी मंडळी बाहेर पडतच नाही, कारण घर पूर्ण नीट कधीच लागत नसतं.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये अंत्युखियाच्या मंडळीतल्या पाच संदेष्ट्यांची आणि शिक्षकांची नावं आहेत. त्यांतले दोघे पाठवले गेले, आणि ते बर्णबा व शौल, म्हणजेच पौल, होते. पाचातले दोन, तेही सर्वांत समर्थ. आपल्याकडच्या हिशेबाने हे मंडळीचं नुकसानच झालं. थेस्सलनीका शहरात पौलाने यहुद्यांच्या सभास्थानात तीन शब्बाथ (शनिवारचे विसाव्याचे दिवस) वाद घातला आणि थोड्याच काळात रातोरात निघावं लागलं. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला नव्हता. मंडळी उभी राहिली.

सभागृह साधारण ८० टक्के भरलं की ते भरलंच असं धरावं, हा जुना ठोकताळा आहे. कारण उशिरा येतो तो बहुधा नवखा असतो, आणि चार जणांच्या कुटुंबाला एकत्र चार खुर्च्या मिळत नाहीत. पाहुण्याला पुढच्या रांगेत एकटं बसवलं की तो परत येत नाही. सहा महिने थांबायचं म्हणजे सहा महिने या लोकांना दारातून परत पाठवायचं. तेही माणसंच आहेत ना?

आणि नव्या जागी सभासदांना कामं मिळतात. मोठ्या मंडळीत तीन वर्षं मागच्या बाकावर बसलेला माणूस चाळीस जणांच्या मंडळीत पहिल्याच महिन्यात प्रार्थना चालवतो, कारण दुसरं कोणी नसतं. विश्वासात उत्तेजन हवं असेल तर जबाबदारीइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

नोंदवही

थेस्सलनीकाचं उदाहरण पूर्ण सांगा. पौलाला राहवलं नाही, म्हणून त्याने स्वतः अथेनैमध्ये एकटं राहून आपला सहकारी तीमथ्य याला परत पाठवलं. कशासाठी? त्यांना स्थिर करण्यासाठी आणि विश्वासात उत्तेजन देण्यासाठी, असं १ थेस्सलनीकाकरांस ३ मध्ये स्पष्ट आहे. कृत्ये १४ मध्येही दर्बेहून पौल आणि बर्णबा सरळ पुढे गेले नाहीत. जिथे दगड खाल्ले त्या लुस्त्राला, मग इकुन्य आणि पिसिदियाच्या अंत्युखियाला परतले, शिष्यांना धीर दिला आणि मंडळीमंडळीत वडील नेमले. परत फिरणं हाही त्यांच्या विस्ताराचाच भाग होता. आपल्या आराखड्यात नेमका हाच परतीचा प्रवास नसतो.

हिशेबनीस

दोघांच्या वादात पैशाचा विषय राहून जातोय, आणि नव्या मंडळ्या पुष्कळदा तिथेच अडकतात.

मातृमंडळीने, म्हणजे नवी मंडळी काढणाऱ्या जुन्या मंडळीने, मदत कशी कमी करत न्यायची हे पहिल्या दिवशी लेखी ठरवा. पहिल्या वर्षी पूर्ण भाडं आणि पाळकाचं मानधन, दुसऱ्या वर्षी साठ टक्के, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी शून्य. हे आधी सांगितलं नाही तर मदत हक्क वाटू लागते आणि थांबवल्यावर भांडण होतं. नव्या मंडळीचा अंदाज बांधताना एकदाच आलेल्या देणग्या धरू नका. शिवाय सर्वांत मोठ्या तीन देणाऱ्यांची रक्कम वजा करून काय उरतं ते पाहा. त्यांतलं एक कुटुंब दुसऱ्या शहरात गेलं की भाडं थकतं, म्हणून ही दक्षता. भाडं नियमित दानार्पणाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. इमारतीचा विचार पहिली तीन वर्षं मुळीच नको. हप्ता सुरू झाला की पहिली कात्री घरभेटींच्या प्रवासखर्चाला आणि प्रशिक्षणाला लागते.

दानार्पण मोजायला एकाच घरातले नसलेले दोघे, त्याच दिवशी, दोघांच्या सह्या. खातं पहिल्या महिन्यापासून वेगळं. विश्वासू माणसावर संशय येऊ नये म्हणूनच ही पद्धत आहे.

मिशनच्या इतिहासात हे फार आधी लक्षात आलं होतं. इंग्लंड आणि अमेरिकेतल्या मिशन संस्थांचे सचिव हेन्री वेन आणि रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटलं की मंडळीने स्वतः चालावं, स्वतःचा खर्च उचलावा आणि स्वतः पसरावं. चीनमध्ये काम करणारे अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हियस १८९० मध्ये कोरियात सोलला गेले तेव्हा तिथल्या तरुण मिशनऱ्यांना त्यांनी हेच समजावलं: स्थानिक विश्वासणाऱ्यांना झेपेल तेवढीच रचना उभी करा, इमारत त्यांच्या पैशांतून आणि त्यांच्या पद्धतीची असू द्या. कोरियातल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी ती दिशा धरली.

रविवारशाळा

बंधूंनो, तुम्ही खुर्च्या मोजताय. जागा आधी संपते ती मुलांच्या वर्गात.

एका उपासनेला लागणारी माणसं मांडून बघा: दारावर चार, मुलांकडे आठ, गायन-वादनाला पाच, ध्वनीला दोन, प्रभुभोजन आणि दानार्पणाला तीन. झाले बावीस. दुसरी उपासना सुरू केली की गायक तेच राहतात, ध्वनीवाले तेच राहतात, पण मुलांकडे आठ नवे लागतात. ते नाहीत म्हणून त्याच आठ बहिणी दोन्ही वेळा वर्ग घेतात. म्हणजे त्यांना उपासनाच मिळत नाही! काही महिन्यांत त्या थकतात, आणि बैठकीत म्हटलं जातं की सेवेची तळमळ कमी झाली. तळमळ कमी नव्हती, नियोजन चुकलं होतं. नियम असा करा की एका उपासनेत सेवा आणि दुसरीत उपासना, आणि महिन्यात एक रविवार पूर्ण सुट्टी. दोन उपासनांमध्ये निदान पाऊण तास ठेवा, नाहीतर दारात कोणी कोणाशी बोलत नाही आणि वर्षभरात एका नावाच्या दोन अनोळखी मंडळ्या तयार होतात.

मुलांच्या खोलीत कायम दोन प्रौढ हवेत, तेही एकाच कुटुंबातले नकोत, आणि दाराला काच असावी. नव्या जागी 'सध्या एकच शिक्षिका आहे, चालवून घेऊ' असं म्हणू नका. दोन प्रौढ नसतील तर त्या रविवारी मुलं आईवडिलांजवळ बसतील. यात तडजोड नाही.

म्हणून माझं मत पेरणाऱ्यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. दुसरी उपासना आहे त्याच माणसांवर भार वाढवते. नवी मंडळी निदान नवी माणसं पुढे आणते.

वेशीबाहेर

मला मुळातच विचारायचंय की वाढ म्हणजे नक्की काय? मंडळीच्या वाढीचे अभ्यासक डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी तीन प्रकार वेगळे केले होते: सभासदांची मुलं मोठी होऊन वाढणं, दुसऱ्या मंडळीतून माणसं येणं, आणि अविश्वासातून विश्वासात येणं. नवी मंडळी उत्तम संगीत आणि चांगली खुर्ची घेऊन उघडली की पहिल्या वर्षी दुसरा प्रकारच भरभरून होतो. शेजारच्या लहान मंडळीची दोन कुटुंबं आली, इथे आभारप्रार्थना झाली, तिथे पाळकाचं अर्धं दानार्पण गेलं. रोमकरांस १५:२० मध्ये पौल दुसऱ्याच्या पायावर न बांधण्याची हौस सांगतो. पेरणारे, सभागृहाबाहेरच्या ज्यांचा तुम्ही कळवळा धरता, त्यांतले किती खरोखर बाहेरचे आहेत?

उपाय आहे. प्रत्येक नव्या माणसाला आधी कुठे जात होता ते विचारा, आणि दुसऱ्या मंडळीतून आला असेल तर सभासदत्व देण्याआधी तिथल्या पाळकाशी बोला. वाद सोडून आला असेल तर आधी समेटाचा प्रयत्न. वर्षअखेरच्या अहवालात तिन्ही प्रकार वेगळ्या रकान्यांत लिहा.

आणि सुवार्तेबद्दल एक सक्त आग्रह. मदतकार्य आणि सभेचं आमंत्रण एका हाताने देऊ नका. धान्य, औषध, शिकवणी जे काय द्याल ते कोणत्याही अटीविना, आणि त्या दिवशी नावनोंदणी नाही, फोटो नाहीत. आजारी किंवा अडचणीतल्या माणसाची साक्ष व्यासपीठावर लगेच मांडू नका. मुलांना आईवडिलांच्या स्पष्ट संमतीशिवाय वर्गाला आणू नका. आमिषाने आलेला माणूस आमिषाबरोबर जातो. शिवाय ज्याने मनापासून विश्वास धरला त्याच्याकडेही शेजारी संशयाने पाहू लागतात, हा अन्याय आपल्यामुळे होतो.

खमीर

मोठी मंडळी म्हणजे काळजी नाही, असं इथे गृहीत धरलं जातंय. बाप्टिस्ट उपदेशक स्पर्जन यांचं प्रार्थनागृह, मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल, १८६१ मध्ये लंडनमध्ये उघडलं ते हजारोंच्या आसनांचं. पण सभासद होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत व्हायची, आणि पाळक घडवणारं त्यांचं महाविद्यालय त्याआधीच, १८५६ मध्ये सुरू झालेलं होतं. तिथून बाहेर पडलेल्यांनी नव्या मंडळ्या उभ्या केल्या. म्हणजे मोठं राहणं आणि पाठवणं एकत्र जमतं, पण माणसं घडवण्याची सोय सभागृहाच्या आधी हवी.

उलट बाजूही आहे. शिकागोजवळच्या विलो क्रीक मंडळीने स्वतःचीच पाहणी करून २००७ मध्ये जाहीर केलं की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून माणूस देवावर आणि शेजाऱ्यावर अधिक प्रेम करू लागतो असं दिसत नाही. एवढ्या मोठ्या मंडळीने हे उघड सांगितलं याबद्दल मला आदर आहे. मोठं असो वा लहान, कार्यक्रम म्हणजे शिष्यत्व नव्हे.

पेरणारा

वेशीबाहेर, रकान्यांची सूचना बिनशर्त मान्य. अट न घालण्याबद्दल तर दुमत असूच नये.

पण पाठवायचं कसं हे मांडतो, म्हणजे घाई आणि तयारी यांतला फरक कळेल. गट तीस ते चाळीस प्रौढांचा. त्यात दोन वादक, मुलांसाठी सहा, हिशेबाला दोन, घरभेटींना पाच, आणि शिकवू शकणारे निदान दोन. उरलेले साधे सभासद, पण त्या भागात राहणारे. रविवारी तासभर प्रवास करून येणारा माणूस बुधवारी शेजाऱ्याच्या घरी जाणार नाही. सहा महिने हा गट दर आठवड्याला भेटेल. चौथ्या महिन्यापासून महिन्यातून एक उपासना नव्या जागी, जाहिरात न करता, फक्त चुका सापडाव्यात म्हणून. आवाज घुमतो, प्रभुभोजनाचं सामान राहून जातं, जागेची किल्ली एकाकडेच असते, हे सगळं याच तीन महिन्यांत कळतं.

आणि मातृमंडळीत जे नाराज आहेत त्यांचा घोळका 'नवी मंडळी' म्हणून पाठवू नका. तो घोळका रागाभोवती जमलेला असतो. जुन्या पाळकाचा विषय संपला की आपापसांत फुटतो. अंत्युखियाने नको असलेली माणसं पाठवली नव्हती.

नोंदवही

हा आराखडा पाहिला तर तुमचेही सहा महिने आहेत, माझेही सहा महिने आहेत! फरक एवढाच की मी ते मागे राहणाऱ्यांसाठी मागतोय. चाळीस जण गेले की त्यांच्यात चार-पाच गटप्रमुख असतात. त्यांच्या यादीतली पन्नास माणसं त्या रविवारी अनाथ होतात. म्हणून प्रत्येक गटाला पहिल्या दिवसापासून सहायक प्रमुख हवा, आणि गट पंधरावर गेला की दोन होणार हे सुरुवातीलाच सांगितलेलं हवं. आयत्या वेळी सांगितलं तर विभागणी शिक्षा वाटते. सहायक प्रमुख नवशिका नको, १ तीमथ्य ३:६ त्यासाठीच आहे. आणि दर पाच प्रमुखांमागे एक वडील, जो महिन्यातून एकदा त्यांना भेटून फक्त त्यांचीच विचारपूस करील. अहवाल मागायला वेगळी बैठक ठेवा. प्रमुखांना कोणी विचारत नाही, आणि सर्वांत आधी तेच विझतात.

पेरणारा

सहायक प्रमुखांचं पटलं, आराखड्यात घालतो. पण अट 'तयारी झाल्यावर' अशी ठेवू नका, तारीख घाला. पाठवणीचा रविवार आजच्या बैठकीत ठरवा आणि मंडळीसमोर जाहीर करा, मग मागून सहायक शोधा. तारीख नसली की सहायक सापडत नाहीत, कारण कोणालाच घाई नसते.

नोंदवही

तारीख चालेल, एका कलमासह. ठरलेल्या दिवसाच्या सहा आठवडे आधी नावांची यादी तपासायची, आणि मागे राहणाऱ्यांतल्या एकाही नावासमोर भेट देणाऱ्याचा रकाना रिकामा असेल तर तारीख एकदा, फक्त एकदाच, तीन महिन्यांनी पुढे जाईल.